दुसऱ्याच्या गाडीची काच

मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी. त्या उजेडात तुमची तोंडं दिसतात, आणि ती बघायची हौस इथं कोणाला नाही. योगराज, शेकोटीत दोन पऱ्हाट्या टाक आणि बूड टेकून बस. मधे उठायचं नाही, मधे विचारायचं नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं उद्या एरंडोलला जाऊन खुद्द बन्सीलालला विचारावं. फक्त चार हात लांब उभं राहून विचारावं, एवढंच सांगणं आहे.

गोष्ट मागच्या वर्षीची. बावीस जानेवारी, बुधवार. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती, ग्रहण नव्हतं. भुताला पंचांग लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरी जाऊन झोपावं.

बन्सीलाल तुमच्या ओळखीचाच. बसस्टँडच्या मागे पाईप आणि मोटारींचं दुकान आहे, तो. माणूस कोणाचं वाईट करणारा नाही, पण डोकं चुलीवर ठेवलेलं. स्वतःच्या लग्नात पान वेळेवर आलं नाही म्हणून मांडवातून उठला होता. गाडीचं दार त्यानं उभ्या जन्मात लावलं नाही, आदळलं. दार आदळल्याच्या आवाजावरून गल्लीतल्या बाया ओळखतात, आज ह्याचं कोणाशी वाजलं असेल ते.

गाडी पांढरी अ‍ॅम्बेसेडर, अठ्ठ्याण्णव सालची, लिलावात घेतलेली. ती त्यानं पोरापेक्षा जास्त जपली. सगळं वाटोळं तिथूनच झालं.

पोरगा हितेंद्र. चोवीस वर्षांचा, एकुलता एक. डिसेंबर संपता संपता त्यानं गाडीच्या कॅरिअरवर पाईप बांधले आणि एक गाठ ढिली राहिली. नाक्यावर कुत्रं आडवं आलं, त्यानं ब्रेक दाबला, पाईप घसरून पुढं वाकले आणि पुढच्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध चीर गेली. एवढंच. कुत्रंसुद्धा वाचलं. पण बन्सीलालनं त्याला भर बाजारात, भाजीवाल्या बायांसमोर, दोन थोबाडीत ठेवून दिल्या. वर म्हणाला, "वीस वर्षं ह्या गाडीला पाहतोय आणि चोवीस वर्षं तुला पाहतोय. गाडीनं कधी मान खाली घालायला लावली नाही."

पोरानं गाडीची किल्ली बापाच्या हातावर ठेवली आणि चालायला लागला. पारोळ्याला मित्राकडे जाऊन राहिला.

तीन आठवडे बाप ताठ, पोरगा ताठ. मग कुंदाबाईच्या, म्हणजे बन्सीलालच्या बायकोच्या, कानावर आलं की पोरगा तेवीस तारखेला पहाटे सुरतेला चाललाय. मित्राचा मामा तिथं कापडाच्या कारखान्यात चिकटवणार होता. आपल्या गल्लीतली किती पोरं सुरतेला गेली आणि किती परत राहायला आली, ते तुम्हीच मोजा. कुंदाबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी बन्सीलाल म्हणाला, "आणतो त्याला."

तर ती म्हणाली, "नुसता जाऊ नका. त्या काचमा तडा दिसना का तुमनं डोकं फिरस. आधी काच बदला, मंग पोरले आनाले जा."

बाई शहाणी. गाडीत बसलं की ती चीर ह्याच्या नाकासमोर, आणि चीर दिसली की ह्याच्या शिव्या सुरू. त्या काचेमागे बसून ह्याच्या तोंडून पोराशी गोड शब्द निघणार नव्हता, हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. पोराला फोन तिनंच केला. बुधवारी रात्री आठला पारोळ्याच्या बायपासवर ढाब्यासमोर थांब, तुझे आबा घ्यायला येतील.

पोरगा म्हणाला, "येसू. पन आबा एक शब्द जरी वाकडं बोलनात ना माय, मी तसाच सुरतले जासू."

एवढंच होतं बघा. एक काच बसवायची, आठला ढाब्यापाशी जायचं आणि तोंड सांभाळायचं. लहान लेकराला जमेल असं काम.

सकाळी जळगावला गेला. काचेच्या दुकानातल्या माणसानं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "काका, ह्या गाडीची काच आता येत नाही. गाडीच भंगारात घाला."

"तुझ्या बापाला घाल," बन्सीलाल म्हणाला, आणि दार आदळून निघाला.

जळगावहून धुळ्याला जाताना पारोळा वाटेतच लागतं. दुपारचा एक वाजला होता. पोरगा तिथंच होता, हाकेवर. थांबला असता, हाक मारली असती, तर आज सांगायला काही उरलं नसतं. पण चीर नाकासमोर होती आणि जळगाववाल्याचं बोलणं डोक्यात होतं. आधी काच, म्हणाला, आणि तसाच पुढं गेला.

धुळ्यात चार दुकानं झाली. चारही ठिकाणी नाही. शेवटी एका टायरवाल्यानं चिंधा मिस्तरीचं नाव सांगितलं. पारोळा रोडच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, चिंधा मिस्तरी सत्तरीचा, उजव्या हाताची दोन बोटं काचेनं नेलेली. जुन्या गाड्यांच्या काचा बसवणारा तेवढाच एक उरलाय आता. शेडमध्ये अ‍ॅम्बेसेडरची एकच काच होती. गोधडीत गुंडाळलेली, भिंतीकडे तोंड करून उभी केलेली.

"ती काय," बन्सीलाल म्हणाला. "लपवून कशाला ठेवली?"

"लपाडेल नही भाऊ. ठेयेल शे." चिंधा मिस्तरीनं बिडी विझवली. "हाई काच आज नका बसाडू."

"का? हिला काय मुहूर्त लागतो?"

तेव्हा म्हाताऱ्यानं सांगितलं. काच ज्या गाडीची, ती गेल्या पावसाळ्यात मुकटीच्या पुढं उलटली. गाडीचा चुरा झाला, काचेला ओरखडा नाही. चालवणारा दारातून बाहेर फेकला गेला आणि रस्त्याच्या कडेला पडला. एकटाच होता.

"दोन तास पडेल व्हता," चिंधा म्हणाला. "एक हात वर करी, पानी पानी करी ऱ्हायंता. किती गाड्या गयात. एक थांबनी नही."

असं पाहू नका माझ्याकडे. तुम्ही थांबता का? तुम्ही गाडी हळू करता, व्हिडिओ काढता आणि चौकात येऊन दाखवता.

तर चिंधा मिस्तरीचा एक रिवाज होता, त्याच्या उस्तादापासून चालत आलेला. मेलेल्या माणसाच्या गाडीची काच दिवसाउजेडी बसवायची. बसवली की गाडी आधी त्या जागेवर न्यायची, जिथं तो पडला होता. थांबायचं. खाली उतरायचं. तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतायचं, आणि मग जिकडं जायचं तिकडं जायचं.

"सकाळी या," तो म्हणाला. "मी सोबत येस. अर्ध्या तासनं काम शे."

"सकाळी माझा पोरगा सुरतेत असेल," बन्सीलाल म्हणाला. "आठला तो रस्त्यावर उभा राहणार आहे. तुझं पाणी तू ओत. काच बसव."

म्हाताऱ्यानं आणखी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा बन्सीलालनं स्वतःच गोधडी ओढली.

जुन्या गाडीची काच दोघांशिवाय बसत नाही. काचेला भोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकानं आत बसून सुतळी ओढत जायची, दुसऱ्यानं बाहेरून तळहातानं काच थोपटत जायची. तसं लावलं. जुनं रबर अर्ध्यात फाटलं. दुसरं रबर शोधून आणेपर्यंत लाईट गेली. आठ वाजले, नऊ वाजले. कुंदाबाईचे फोनावर फोन. निघालात का, पोचलात का, पोरगा उभा आहे. सहाव्या फोनाला ह्यानं शिवी घातली, मोबाईल बंद केला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात फेकला.

त्या एका शिवीत सगळं गेलं. आता पोरालासुद्धा बापाला फोन लावता येणार नव्हता.

सव्वादहाला काच बसली. चिंधानं सांगितलं, दार हळू लावा, बाजूच्या काचा चार बोटं खाली ठेवा, ताजी बसवलेली काच हवेच्या दणक्यानं उठते. आणि पाण्याची एक बाटली शेजारच्या सीटवर ठेवली. बन्सीलालनं बाटली खिडकीतून बाहेर टाकली. दार आदळलं.

फागणे गेलं. अजंग गेलं. थंडी अशी की स्टेअरिंगला बोटं चिकटावीत. रस्ता मोकळा. नवी काच लख्ख होती, एक रेघ नाही, आणि बन्सीलालचं डोकं हळूहळू खाली यायला लागलं. तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होता, पोराला काय म्हणायचं ते. "बस गाडीत." नको, हुकूम वाटतो. "चल रे, तुझी माय वाट बघते." हे बरं. दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जमत होतं.

मुकटी मागे पडली.

दिव्याच्या उजेडात डाव्या कडेला एक माणूस उभा. एक हात वर.

बन्सीलालनं ब्रेक दाबला. गाडी फरफटत थांबली. बघतो तर कोणी नाही. कडेला गवत, पलीकडे कापसाचं शेत. बाभूळ वगैरे असेल, म्हणाला. पण बाभूळही नव्हती. शिवी घातली आणि पुढं निघाला.

दोन किलोमीटर गेला असेल.

तोच माणूस. तोच हात.

आता मात्र ह्यानं गाडी त्याच्या अलीकडेच थांबवली. इंजिन चालू. काचेतून सरळ दिसत होता. अंगात सदरा, तोंडावर अंधार, हात वर. हलत नव्हता. बन्सीलालनं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं…

रस्ता रिकामा.

मान आत घेतली. काचेतून पाहिलं.

उभा.

परत बाहेरून पाहिलं. कोणी नाही. काचेतून… आहे.

दुसरा कोणी असता तर तिथंच त्याचं धोतर ओलं झालं असतं. बन्सीलालला काय झालं माहीत आहे? राग आला. ह्या माणसाला भीतीच्या जागीसुद्धा रागच येतो. पोरगा तिकडे थंडीत उभा, आणि हे कोण मधे मधे उभं राहतंय? बॅटरी घेऊन खाली उतरला. गाडीच्या पुढं गेला, मागं गेला, गवतात पाय आपटले. "कोण आहे रे? समोर ये." आवाज शेतात गेला आणि तिथंच राहिला.

परत आला.

गाडीचं डावं दार उघडं होतं.

त्यानं उघडलं नव्हतं. तो उजव्या दारानं उतरला होता. मग पुढं झाला आणि ते दार असं आदळलं की काचेचं रबर करकरलं.

पुढं निघाला. आता काचेत कोणी दिसेना. एक किलोमीटर, दोन किलोमीटर, कोणी नाही. मोकळा रस्ता. फक्त काच एका बाजूनं धुरकटायला लागली. डाव्या बाजूनं. त्यानं हात लांब करून पुसली.

परत धुरकटली.

तळहाताएवढी. मोठी व्हायची… लहान व्हायची. मोठी व्हायची… लहान व्हायची.

शेजारी कोणी श्वास घेत असेल, तर काच अशीच धुरकटते.

त्यानं तिकडं पाहिलं नाही. पाहिलंच नाही. रस्त्यावर नजर ठेवली आणि रागानं दात आवळले. पारोळा जवळ येत होतं. अकरा वाजून गेले होते. ढाब्याचे दिवे दिसायला अजून दोनेक किलोमीटर होते.

आणि पुढं… डाव्या कडेला…

माणूस.

ह्या वेळी दोन्ही हात वर. हलवत होता. पळत पुढं येत होता. खांद्याला पिशवी.

बन्सीलाल म्हणाला, तिसऱ्यांदा नाही.

गाडी जवळ गेली. उजेड त्या माणसाच्या तोंडावर पडला. तोंड हितेंद्रचं होतं.

इथं बन्सीलालचं डोकं पार फिरलं. माझ्या पोराचं सोंग घेतो? माझ्या पोराचं? त्यानं त्या तोंडाकडे सरळ पाहिलं. डोळ्यात डोळे घालून पाहिलं. आईवरून शिवी दिली. आणि पाय ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलेटरवर दिला.

माणूस कडेला झाला. हात तसेच वर राहिले.

गाडी गेली.

ढाब्यासमोर येऊन थांबली तेव्हा ढाब्याचा मालक दीपक खुर्च्या आत घेत होता. बाहेरचा एकच दिवा चालू. बाकड्यावर कोणी नाही. बन्सीलाल उतरला. ते मनाशी म्हणून ठेवलेलं वाक्य तोंडात धरून उतरला.

"पोरगा होता का इथं कोणी? उंच, पिशवीवाला?"

"हितेंद्र ना? तुम्ही त्याचे आबा का?" दीपक म्हणाला. "आठपासून बसला होता बिचारा. चहासुद्धा घेतला नाही, आबांसोबत घेईन म्हणाला. तुमचा फोन लागेना. मग त्याच्या जिवाला चैन पडेना. म्हणे, काच नवी बसवलीय, वाटेत काही झालं असेल… गेला धुळ्याच्या बाजूनं चालत. तुम्हालाच शोधायला. तुम्हाला दिसला नाही वाटेत?"

बन्सीलाल तसाच गाडीकडे फिरला.

गाडी वळवली. रस्त्याला मधे दुभाजक, पलीकडे जायला कट लांब. तो सापडेपर्यंत… परत यायला… जागा तीच होती. खात्रीनं तीच. गाडी उभी केली. उतरला. हाका मारल्या. "हितेंद्र." परत. "हितेंद्र, अरे मी आहे." उसाच्या ट्रॉलीमागून एक ट्रक सुरतेच्या दिशेनं गेला, मागचे लाल दिवे बारीक होत गेले. गवत. थंडी. हाकेला ओ नाही.

दोन वाजता घरी पोचला. कुंदाबाई दारात उभी होती. तिनं गाडीत पाहिलं, मग ह्याच्याकडे पाहिलं, आणि विचारलं नाही. तो ओट्यावर बसला तो बसलाच. उजाडेपर्यंत त्यानं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत.

सकाळी सहाला कुंदाबाईचा फोन वाजला. पोरगा नवापूरहून बोलत होता, ट्रकमधून. रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली.

"माय, आबास्नी माले दखं," तो म्हणाला. "डोयामा डोया घालीसन दखं. शिवी दिन्ही आनि गाडी पयाडी."

"नही रे बाळा, त्यास्ले वाटनं…"

"माले काहीच सांगू नको. तू खाशी, पिशी, तब्येत सांभाय. मी येवाव नही आते." मग जरा थांबला. "त्यास्ना शेजारे कोन व्हता, माय?"

"कोठे?"

"गाडीमा. डावीकडे बठेल. तो मानूस थांबा थांबा करी ऱ्हायंता. आबास्ना हात धरी ऱ्हायंता. परका मानूसले दया उनी, माय. आबास्ले उनी नही."

फोन कट झाला.

बन्सीलालनं सगळं ऐकलं होतं. ओट्यावरून हलला नाही. कुंदाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पंचवीस वर्षांत त्या बाईनं नवऱ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. हळूच विचारलं, "गाडीमा कोन व्हतं?"

"कोणी नाही."

"कोन व्हतं?"

त्यानं मान हलवली. नाही.

ती अंगणात गेली. गाडीवर दव पडलं होतं, सगळ्या काचा पांढऱ्या. डावं दार घट्ट बसलं होतं. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा उघडलं.

सीट रिकामी.

त्या सीटला एक पट्टा आहे. गाडी घेतल्यापासून कोणी लावला नाही. आपल्याकडे डावीकडचा माणूस पट्टा कधी लावतो? वर्षानुवर्षं सीटच्या फटीत गेलेला, धुळीनं कडक झालेला.

तो लावलेला होता. खटका बसलेला.

रिकाम्या सीटवर पट्टा कसा पडून राहतो, सांगा. सैल. लोंबत.

हा लोंबत नव्हता.

खांद्यापासून कमरेपर्यंत… सीटपासून वीतभर पुढं… ताणलेला.

आणि कुंदाबाई बघत होती तोवर, हळूच, अगदी हळूच… आत जात होता, बाहेर येत होता.